लिस्टवरचा आपला माणूस

मागच्या उन्हाळ्यात अख्खं अकोला शहर कूलरसमोर लोळत होतं आणि मी भर दुपारी कूलर बंद करून बसत होते. कूलरच्या घरघरीत फाटकाची कडी वाजलेली ऐकू येत नाही. सासूबाई पदराने वारा घेत माझा उद्धार करायच्या. "बिलापायी म्हाताऱ्या जीवाले मारतं काय वं?" मी म्हणायचे, मोटर गरम झाली, थोडी थंड होऊ द्या. खरं कारण सांगायची हिंमत नव्हती. ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं अशा एका माणसाची मला भीती वाटत होती, आणि त्याला घराचा पत्ता मीच दिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. नवऱ्याची नोकरी तेल्हाऱ्याला. सकाळच्या एसटीने जातो, दिवे लागल्यावर येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवसभर घरात आम्ही दोघी. कॉलेजाव्यतिरिक्त मी एक बिनपगारी काम करते. डोळ्यांनी दिसत नाही अशांना मोबाईल आणि कॉम्प्युटरवरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. तो कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा आहे, ज्याला जमेल त्याने त्यात भर घालावी. तो बनवणारी आणि वापरणारी माणसं एका मेलिंग लिस्टवर बोलतात. एका ठरलेल्या पत्त्यावर मेल पाठवला की तो सगळ्या सभासदांना जातो, शिवाय इंटरनेटवर कायमचा जमा होतो. कुणीही, केव्हाही शोधून वाचावा. मी तिथे मॉडरेटर. कुणी जाहिराती टाकल्या, शिवीगाळ केली, तर ते अडवायचं. आम्ही तिघं आहोत: मी, पुण्याचे एक गृहस्थ, आणि परदेशात राहणारी एक बाई, जी तिकडे दिवस असेल तेव्हाच उगवते.

या लिस्टवर मी रमले त्याचं कारण सांगते. तिथे कुणी आडनाव विचारत नाही. आमच्याकडे माणूस चपला काढायच्या आत आडनाव विचारतात, आणि सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हलतं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या पिढीपासून आम्ही शिकलेलो, नोकऱ्यांतले, तरी ते हलणं मला लहानपणापासून ओळखू येतं. लिस्टवर मी फक्त पहिल्या नावाची बाई होते आणि माझं म्हणणं बरोबर की चूक एवढंच लोक पाहायचे. मला ते फार आवडायचं.

मग लिस्टवर बडनेऱ्याचा तो माणूस आला. बाकी सगळे पुस्तकी मराठीत नाहीतर इंग्रजीत लिहायचे, आणि हा पहिल्याच मेलमध्ये लिहितो, "हा घोळ माह्याच्यानंच झाला असंन, पाहून सांगतो." मी एकटीच मोठ्याने हसले. परगावी स्टँडवर आपल्याकडचं कुणी भेटावं तसं झालं. काम तर काय सुरेख करायचा! वाचणारा आवाज आधी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, त्याला माणसाच्या गळ्याजवळ आणलं ते यानेच. मी त्याला उत्तर लिहिलं, आणि आपल्या बोलीच्या भरात काय काय लिहून गेले! मी अकोल्याची, नवरा रोज तेल्हाऱ्याला जातो, अमुक भागात विहारामागच्या गल्लीत पिवळं घर, कधी अकोल्याला आलात तर चहाला या. पुण्यामुंबईचा माणूस असं कधी लिहिणार नाही. आम्ही लिहितो. गाव सांगितल्याशिवाय ओळख झाली असं आम्हाला वाटतच नाही. आडनाव तेवढं गाळलं, गाळायची सवयच आहे. आणि पत्त्यात विहार सांगितला! शहाणपणाची कमाल. ते सगळं लिस्टवर गेलं आणि कायमचं जमा झालं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एक मुलगी लिस्टवर आली. धारणीकडची, अमरावतीला होस्टेलात राहून बीए करणारी, जन्मापासून दृष्टी नसलेली. तिचा पहिला मेल असा: "हा प्रोग्राम ताप चढलेल्या मानसावानी वाचून राहिला. माही परीक्षा आहे. कोनी दुरुस्त करून देता का नाई?" मला ती तत्काळ आवडली. तो आवाज ज्याने घडवला होता त्याला मात्र ते झोंबलं. त्याने लिहिलं, "फुकटचं खाऊन वरून मीठ कमी म्हनू नोको. दिसत काईच नाई अन् बोलते गंज." गंज म्हणजे पुष्कळ. मुलगी काय गप्प बसते? तिने परत लिहिलं, दिसत नाही म्हणूनच तर ऐकू चांगलं येतं, आवाज वाईटच आहे. त्यावर त्याचा मेल आला. "राह्यते कुठी तू? कोनत्या होस्टेलात? सांग, येऊन दाखवतो आवाज कसा असते ते."

मी पुण्याच्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, तो मदतच देऊ करतोय की. तुमच्याकडची भाषाच जरा रांगडी असते, मनावर घेऊ नका." माझं डोकं सणकलं. आमची भाषा रांगडी असेल, पण आम्हाला मदत आणि धमकी यांतला फरक कळतो. 'कुठी राह्यते' हे आमच्याकडे एसटीतली म्हातारीही विचारते. ती विचारते ते तू कुणाची लेक, तुझं माहेर कुठलं, जेवलीस का, यासाठी. आधी आंधळी म्हणून हिणवायचं आणि मग खोली विचारायची, हे वऱ्हाडातही कुणी प्रेमाने करत नाही. लिस्टवर शेकडो माणसं वाचत होती आणि हे ऐकू आलेली मी एकटी होते. तेव्हाच मला पहिल्यांदा भीती वाटली, तिच्यासाठी.

मी त्याला मॉडरेशनवर टाकलं. म्हणजे काढून टाकलं नाही. तो सभासद राहिला, लिस्टवरचं सगळं त्याला मिळत राहिलं, फक्त त्याचा मेल लोकांना जायच्या आधी आमच्याकडे थांबणार आणि आम्ही वाचून सोडणार. काढून टाकायचं तर तिघांची संमती लागते, असा आमचाच नियम.

लिस्टवर गदारोळ उठला. खुली लिस्ट म्हणवता आणि माणसांची तोंडं दाबता? ज्याने एवढं काम केलं त्याच्यावर पहारा? एकाने लिहिलं की दोन वऱ्हाडी भांडतात, त्यात आपण कशाला पडा. त्यांचं सगळंच चूक होतं असं नाही. ज्या जागेत कुणालाही बोलता येतं म्हणून मी रमले, तिथे मीच कडी लावून उभी होते. बोलणं इतकं पेटलं की आम्ही तिघांनी काही दिवस सगळ्यांचेच मेल तपासून सोडायचं ठरवलं. ते काम सुट्टी असल्यामुळे माझ्या गळ्यात पडलं.

त्याचे अडलेले मेल माझ्याकडे यायचे. पहिल्यात लिहिलं होतं, "ताई, आपल्या मानसाले असं करते का कोनी?" मी कारण कळवून परत पाठवला. दुसऱ्यात शिवी नव्हती, राग नव्हता. "तुमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, बरं झालं. गेट बी नवीन लावलं वाटते." रस्ता माझ्या त्या मेलनंतरच्या हिवाळ्यात झाला होता आणि फाटक दिवाळीनंतर बसवलेलं. हा माणूस येऊन पाहून गेला होता.

नवरा म्हणाला, "ब्लॉक करून टाक." मी म्हटलं, ब्लॉक केलं तर तो काय करतोय तेही कळणार नाही. पोलिसात जायचं तर काय सांगायचं? साहेब, एक माणूस आमच्या फाटकाचं कौतुक करतो? नवरा सकाळी जाताना फाटकाला कुलूप घालून गेला. मी ते उघडलं, कारण दूधवाला, शेजारीण आणि सासूबाईंच्या मैत्रिणी यांना कुलपाचं कारण सांगावं लागलं असतं. तेव्हापासून मी कूलर बंद ठेवायला लागले. मोटरसायकल गल्लीत वळली की हातातलं काम हातात राहायचं. भाजीला जाताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायचे. पाचावर धारण बसणं आजवर मी नुसतं वाचलं होतं.

आणि एक दिवस भाजी घेऊन परत आले तर दाराशी अनोळखी चपला.

आत सासूबाई दिवाणावर, समोर खुर्चीत एक नीटनेटका, चाळिशीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. हातात कैरीच्या पन्ह्याचा पेला. कूलर सुरू. सासूबाई हरखून म्हणाल्या, "अवं, तुह्या कॉम्प्युटरवाले हायेत. बडनेऱ्याहून आले. तेल्हाऱ्याकडचे गंज लोक ओयखतात हे." अनोळखी माणसाला उन्हातून दारात उभं ठेवायचं नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. त्यांनी त्याला पाणी दिलं, पन्हं दिलं, आणि मुलगा सकाळी किती वाजता जातो, कधी येतो, सून दिवसभर घरीच असते, हेही देऊन टाकलं.

पिशवी खाली ठेवली तर त्यातली काकडी घरंगळली, ती त्याने वाकून उचलून दिली.

"बसा ना ताई," तो माझ्याच घरात मला म्हणाला. "घाबरता काहून? मी काई परका आहो का? तुमीच चहाले बलावलं होतं."

मी उभीच राहिले. काय काम आहे, विचारलं.

"काम एकच. माह्यावरचं ते मॉडरेशन काढून टाका. डाग लागल्यावानी वाटते मानसाले. सगळ्यायले दिसते का हा बदमाश आहे." मग सासूबाईंकडे वळून अगदी मऊ आवाजात, "आजी, तुमीच सांगा, मानसाले बोलू नाई द्याव का?"

"द्या ना बोलू," सासूबाई म्हणाल्या. "काहून अडवतं वं तू त्याले?"

मी म्हटलं, ते तिघांनी मिळून ठरवावं लागतं, मी एकटी काढू शकत नाही. हे खोटं होतं. मॉडरेशन मी एकटीने लावलं होतं, एकटीने काढू शकले असते. त्यालाही ते माहीत असावं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पेला संपवला आणि उठला. "ठीक आहे. मी येत राहीन. उद्या मले अमरावतीत काम आहे, त्या पोट्टीलेही भेटून घेतो." ती कुठे राहते ते याला ठाऊक नाही, नुसता भेवडावतोय, असं मी स्वतःला समजावलं. तो सासूबाईंच्या पाया पडला आणि गेला.

"चांगला मानूस आहे," सासूबाई म्हणाल्या. "पानी सोता मांगून पेला." हे त्यांनी दोनदा सांगितलं. ज्या काळात त्या वाढल्या त्या काळात आमच्या हातचं पाणी मागून पिणारा माणूस वाईट असूच शकत नव्हता. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडावर हात दाबून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडलेले मेल उघडले तर त्यात त्या मुलीचा मेल. "बडनेऱ्याचे दादा, तुमी इचारलं होतं मी कुठी राह्यते. परीक्षा चालू आहे म्हनून उत्तर राहिलं. घ्या, सांगतो." आमच्याकडे मुलीही 'सांगतो'च म्हणतात. पुढे होस्टेलचं नाव, रस्ता, मजला, खोली, मोबाईल नंबर. "या अन् माह्यासमोर आवाज दुरुस्त करून द्या. मी कोनाले भेत नाई."

हिनेही तेच केलं होतं जे मी केलं होतं. नशीब, हा मेल माझ्याकडे अडला होता. मी तो परत पाठवला आणि लगेच तिला फोन लावला.

ती भडकलीच. "माहा मेल काहून अडवला? त्याचा अडवला तवा मी काई नाई बोलली. मी काय गुन्हा केला? मले दिसत नाई म्हनून माह्या भल्याचं तुमी ठरवान का? शाळेत बी तेच, घरी बी तेच. ताई, त्यानं मले वाईट म्हटलं, पन बोलू त देल्लं."

तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, बाई, ओरड हवं तेवढं, पण आधी ऐक. तो काल माझ्या घरी आला होता. बसून पन्हं पिऊन गेला. मी तुझा पत्ता अडवला नसता तर आज तो तुझ्याकडे आला असता.

ती हळूच म्हणाली, "ताई, आत्ताच वार्डन मॅडमनं निरोप धाडला. खाली कोनी दादा भेटाले आले म्हने, बडनेऱ्याचे."

मी तिचा मेल पुन्हा उघडून वरची ओळ पाहिली. तिने त्याच्याच जुन्या मेलला उत्तर देताना 'सगळ्यांना' हे बटण दाबलं होतं. त्याने दोन प्रती निघतात. एक लिस्टकडे येते, ती मी अडवली. दुसरी थेट ज्याला उत्तर दिलं त्याला जाते, ती कुणाच्याच हातात नसते. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला हे माहीत होतं, भीतीत सुचलं नाही एवढंच. कडी मी लावून बसले होते आणि तो केव्हाच आत गेला होता.

"खाली जाऊ नको," मी ओरडले. "मॅडमना फोन दे. खोलीचं दार लाव."

"दार किती दिस लावू?" ती म्हणाली. ती चालायला लागली होती. काठीचा ठक्क ठक्क आवाज मला ऐकू येत होता. "फोन बंद करू नोका, ताई. मी हातातच धरतो."

दोन तासांच्या अंतरावर बसून मी कानाला फोन दाबून धरला. जिन्यात पोरींचे आवाज, मग तो मऊ आवाज. "ये बाई. मी तुह्यासाठीच आलो. ताईनं माहं तोंड बंद केलं. तू फकत लिस्टवर लिहून दे का तुही माह्याबद्दल काई तक्रार नाई. मंग मी तुले त्रास देत नाई. नाईतर परीक्षेले एकटीच जाशीन तू, मी पायतो मंग."

मी हाताशी आलेल्या कागदावर त्याचे शब्द उतरवून घ्यायला लागले.

मग तिचा आवाज आला, आधी बारीक, मग चढत गेलेला. "जे बोलाचं ते लिस्टवर बोला. सगळ्यायच्या समोर."

"लिस्टवर मले बोलू देत नाईत, म्हनून त इथं आलो."

"मंग मी बोलतो," ती म्हणाली. "मॅडम, हे काय बोलले ते तुमी आयकलं ना? पोरीहो, तुमी?"

बराच गलका झाला, वॉर्डनबाईंचा चढा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, मोटरसायकलची किक. मग ती फोनवर आली. "गेला," म्हणाली, आणि एकदम लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी सगळं सांगितलं. त्या तिथेच खाली बसल्या.

दुपारी तिचा नवा मेल आला. यात पत्ता नव्हता. तो होस्टेलवर आला, काय म्हणाला, कुणी कुणी ऐकलं, आणि आदल्या दिवशी तो मॉडरेटर ताईंच्या घरी जाऊन बसला होता, सगळं लिहिलं होतं, सरळ, जसं घडलं तसं. मी पुण्याला फोन केला. गृहस्थ आता घाबरले होते. म्हणाले, घाई करू नका, तिघं मिळून आधी त्याला लिस्टवरून काढू, मग हा मेल सोडू. परदेशातल्या बाई फोन उचलत नव्हत्या, तिकडे सगळे झोपलेले. एक दिवस थांबा, ते म्हणाले, आणि तुमच्या जिवाचाही विचार करा. तो विचार करणंच तर मला थांबवता येत नव्हतं. हा मेल गेला की तो वाचणार. माझं घर त्याला माहीत आहे, नवरा कधी नसतो माहीत आहे, आणि आज त्याच्यापाशी गमावण्यासारखं काही राहणार नाही. एक दिवस थांबणं सगळ्यात शहाणपणाचं होतं.

तेवढ्यात तिचा फोन आला. "ताई, माहा मेल गेला का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती नुसती विचारत होती, आणि हाही अडवणार असाल तर आत्ताच सांगा, असं त्यात होतं. मला खूप भीती वाटत होती. पहिल्यांदा चुकीच्याच जागी दाबलं गेलं.

"जातो आहे," मी म्हटलं, आणि मेल सोडला.

तो सगळ्या सभासदांना गेला. बडनेऱ्याचा माणूस अजून सभासद होता, त्यामुळे त्यालाही गेला.